‘नको’ची जागा

बोलता न येणाऱ्या मुलासाठी घरात चित्रांचा तक्ता करायला घेतला की पहिली चित्रं बहुतेक ठरलेलीच असतात. पाणी, दूध, पोळी, शू, शी. ती छापून येतात, लॅमिनेट होतात, फ्रिजवर चिकटतात. पंधरा दिवसांनी तक्ता तिथंच असतो आणि मूल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. घरचे म्हणतात, याला चित्रं कळत नाहीत. खरं तर पाण्यासाठी त्याला तक्ता लागतच नव्हता. आईचं बोट धरून ते तिला माठापाशी नेतं आणि पाणी मिळतं. अडतं ते दुसरीकडे. ही भाजी नको. हा शर्ट टोचतोय. आत्ता नको, मग. अजून एकदा. आजी कधी येणार? यातलं काहीच बोट धरून दाखवता येत नाही, आणि मग रडणं, चावणं, डोकं आपटणं सुरू होतं.

म्हणून तक्त्यावरचा पहिला शब्द ‘नको’ असावा, असं माझं ठाम मत आहे. आणि तो मानला जावा. मुलाने ‘नको’वर बोट ठेवलं आणि तरीही घास तोंडात कोंबला, तर त्या चौकोनाला काही अर्थ नाही हे मूल एका जेवणात शिकतं. औषध, इंजेक्शन, रस्ता ओलांडताना हात धरणं, अशा जागी ‘नको’ ऐकता येत नाही, हे मान्य. तिथेही आधी उत्तर द्यायचं: “नको म्हणालास, कळलं मला. पण हे घ्यावंच लागेल.” बाकी दिवसभरात ‘नको’ला मान देता येईल अशा शंभर जागा असतात.

मराठी घराची पहिली अडचण इथेच येते. संवादाची, म्हणजे चित्र दाबलं की शब्द बोलून दाखवणारी, बरीच ॲप मुळात इंग्रजीत तयार झाली आणि त्यांत नकारासाठी मुख्य बटण एकच. त्याचं भाषांतर ‘नाही’ असं होतं. पण आपल्या बोलण्यात ‘नको’ वेगळं आणि ‘नाही’ वेगळं. “भात देऊ?” याचं उत्तर ‘नको’. “बाबा आले?” याचं उत्तर ‘नाही’. ज्या मुलाच्या यंत्रात फक्त ‘नाही’ आहे, त्याला भात नाकारताना रोज चुकीचा शब्द वापरावा लागतो, आणि घरात कानावर पडतो तो शब्द यंत्रात सापडतच नाही. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हे जास्तच होतं. शाळेकडून इंग्रजी यंत्र येतं, घरी सगळे मराठीत बोलतात. अशा वेळी घरच्या पानावर निदान ‘नको’, ‘पाहिजे’, ‘आजी’, ‘आबा’ एवढे शब्द मराठीत आणि घरच्या माणसाच्या आवाजात हवेतच. व्हिडिओ कॉलवर आजीला काहीतरी सांगता यायला हवं.

दुसरी निवड ‘हवं’ आणि ‘पाहिजे’ यांच्यातली. ‘हवं’ लिंगाप्रमाणे बदलतं: चेंडू हवा, गाडी हवी, दूध हवं. एक चौकोन, तीन रूपं. मुलाने चेंडू आणि ‘हवं’ असं दाबलं की कानाला खटकतं आणि मोठी माणसं नकळत दुरुस्त करायला लागतात. ‘पाहिजे’ मात्र तिन्हींना चालतं, म्हणून तक्त्यावर ‘पाहिजे’ घ्या. क्रियापदांचंही तसंच. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, हा घोळ ‘जायचंय’ने मिटतो. ‘मला बाहेर जायचंय’, ‘मला झोपायचंय’, मुलगा असो वा मुलगी, वाक्य तेच. विभक्तीचे प्रत्यय सुटे बटण करून ठेवू नका. ‘शाळा’ आणि ‘त’ असं दाबलं तर यंत्र ‘शाळा, त’ असंच म्हणणार. त्यापेक्षा चौकोनावर ‘शाळेत’ आणि ‘आजीकडे’ हेच लिहा.

आणि मराठीची श्रीमंती वापरा. ‘लाव’ हा एक शब्द बघा. दिवा लाव, पंखा लाव, गाणं लाव, दार लाव, टिकली लाव, क्रीम लाव. ‘काढ’ त्याच्या जोडीचा. बूट काढ, चित्र काढ, डब्यातून लाडू काढ, टीव्हीचा आवाज बंद होत नसेल तर पिन काढ. दोन चौकोनांत अर्धं घर मावतं. यांच्या बाजूला दे, घे, ये, जा, बघ, थांब, अजून, परत, झालं, काय, कुठे, मी, तू, आपण. असे शब्द मोजके असतात, पण दिवसभराच्या बोलण्याचा मोठा भाग तेच पेलतात. वस्तूंची नावं त्यांच्या मागून. ‘मदत’ आणि ‘दुखतंय’ हे दोन शब्द मात्र पहिल्या दिवसापासून.

आता मांडणी. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट. फोडणीच्या वेळी हात न बघता मोहरीवर जातो, कारण वाटीची जागा वर्षानुवर्षं तीच. कुणी मोहरी आणि मेथ्यांची अदलाबदल केली तर तेल तापलेलं असताना गोंधळ उडतो. मुलाचा हात अगदी असाच शिकतो. मूल हळूहळू चित्र बघेनासं होतं आणि जागा लक्षात ठेवतं. म्हणून सुरुवातीला चार मोठी चित्रं, मग आठ, मग बारा, असं दर महिन्याला नवं पान करणं ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दर वेळी मुलाचा हात पहिल्यापासून शिकतो.

त्याऐवजी पहिल्याच दिवशी शेवटची जाळी आखा. आडव्या ए-फोर कागदावर कडेला एक सेंटीमीटर सोडून ८ रकाने आणि ५ ओळी घेतल्या, दोन चौकोनांत ४ मिलिमीटर जागा ठेवली, तर ४० चौकोन होतात, प्रत्येक साधारण ३ सेंटीमीटरचा. त्यातले १० किंवा १२ भरा, बाकीचे कोरे ठेवा. नवा शब्द आला की कोऱ्या चौकोनात. जुना कुठेही हलत नाही. टॅबलेटवरच्या बहुतेक चांगल्या ॲपमध्ये बटण लपवायची सोय असते, तिथेही हेच करायचं. मुलाचं बोट ३ सेंटीमीटरच्या चौकोनावर नेमकं पडत नसेल तर ४ रकाने, ३ ओळी घ्या. चौकोन साधारण साडेसहा बाय सहा सेंटीमीटरचा होतो. शब्द जास्त लागले तर पानं वाढवा, पण ‘नको’, ‘अजून’, ‘मदत’ प्रत्येक पानावर त्याच जागी.

‘नको’ची जागाही विचार करून ठरवा. मुलाचा उजवा हात चालत असेल तर उजव्या कडेला, मधल्या ओळीत. खालच्या ओळीत ठेवलात तर टॅबलेटवर मनगट टेकून ते उगाच बोलतं, आणि उगाच बोलणाऱ्या ‘नको’कडे घरचे दुर्लक्ष करायला शिकतात.

छपाई साधीच. चित्रं हवीत तर स्पेनमधल्या आरागोन सरकारचा आरासाक हा चित्रसंग्रह मोफत आहे, व्यापारी वापर नसेल तर तो छापायला परवानगी आहे. आजी, बाबा, घरातला कुत्रा यांचे मात्र खरे फोटो लावा. शब्द चित्राच्या वर लिहा. खाली लिहिला तर बोट ठेवल्यावर तोच झाकला जातो. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट मागा. ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर उजेडाची पट्टी पडते आणि अर्धी चित्रं दिसेनाशी होतात. कोपरे कात्रीने गोल करा आणि कागदाभोवती ५ मिलिमीटर सीलबंद कड ठेवा, नाहीतर न्हाणीघरात पहिल्याच आठवड्यात पाणी आत शिरतं. प्रती किमान चार: जेवायच्या जागी, बिछान्याशी, न्हाणीघरात आणि बाहेर जाताना पिशवीत. टॅबलेट घेतला तरी या प्रती लागतातच. वीज जाते, चार्जिंग संपतं, भर उन्हात स्क्रीन दिसत नाही. कागद या सगळ्यात टिकतो.

टॅबलेटसाठी मराठीत सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाईनमध्ये तयार झालेलं जेलो हे ॲप बघावं. ते मोफत आहे आणि मराठीत चालतं. त्यात चित्राबरोबर आवड, नावड, होकार, नकार, आणखी, कमी अशी भाव सांगणारी बटणं असतात. चित्र आणि भाव मिळून यंत्र पूर्ण वाक्य बोलतं, त्यामुळे लिंग-वचनाचा घोळ मुलाच्या डोक्यावर येत नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. वाक्य तयार मिळतं, तेव्हा स्वतः शब्दाला शब्द जोडायची सवय तेवढी लागत नाही. चेन्नईत तयार झालेलं आवाझ विकत घ्यावं लागतं, पण त्यात शब्द जोडून वाक्य करता येतं. सीबोर्ड हे मुक्तस्रोत ॲप ब्राउझरमध्येही चालतं आणि त्यावर आपली पानं आपण करू शकतो. कोणतंही घ्या. पण एकदा घेतलं की सहा महिने बदलू नका.

अँड्रॉइडवर मराठी आवाज आधी उतरवून घ्या. सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच, तिथे गूगलचं इंजिन, त्यात व्हॉइस डेटा, आणि मराठी. हे केलं नाही तर घरी वायफायवर बोलणारा टॅबलेट एसटीत बसल्यावर मुका होतो. एक बारीक गोष्ट: आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ एकेकच, उच्चार मात्र दोन-दोन. चंद्रातला च आणि चाकातला च वेगळा. यंत्र कधी कधी यात फसतं. जे शब्द कानाला खटकतील ते रेकॉर्ड करून घाला. आवाज शक्यतो मुलाच्या वयाच्या भावंडाचा किंवा शेजारच्या मित्राचा. सहा वर्षांच्या मुलीने चाळीस वर्षांच्या काकांच्या आवाजात ‘मला पाहिजे’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

टॅबलेटचा आवाज लग्नघरात, बसमध्ये पुरत नाही. मग लोक छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडतात. त्यात एक खोडी आहे. काही सेकंद आवाज आला नाही की असे बरेच स्पीकर झोपतात आणि जागे होताना पहिलं अक्षर गिळतात. मूल ‘नको’ दाबतं, स्पीकर ‘को’ म्हणतो. शब्द दोनच अक्षरांचा, त्यातलं नेमकं नकाराचं गेलं. ‘पाणी’चं ‘णी’ होतं, ‘अजून’चं ‘जून’. उपाय म्हणजे वायरचा स्पीकर. तो जमत नसेल तर रेकॉर्ड केलेल्या शब्दांच्या आधी अर्धा-एक सेकंद शांतता ठेवा, तरीही पहिलं अक्षर गिळलं जात असेल तर एक हलका टिंग आवाज.

हा टॅबलेट बोलण्यासाठीच हवा. कार्टूनचा वेगळा, किंवा कार्टूनच नको. एकाच यंत्रात दोन्ही असलं की मुलाला त्यात दुसरं काही दिसत नाही. अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आणि आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस सुरू केलं की मूल ॲपच्या बाहेर सहज पडू शकत नाही. आणि शिक्षा म्हणून हा टॅबलेट काढून घ्यायचा नाही. कधीच नाही. रागावलो म्हणून बोलणाऱ्या मुलाची जीभ आपण कपाटात ठेवत नाही.

सगळ्यात अवघड भाग यंत्रात नाहीच, तो मोठ्यांच्या सवयीत आहे. मूल बोलायला शिकण्याआधी वर्षभर बोलणं ऐकतं. तक्त्याची भाषा ऐकायला त्याला कोण देतं? घरात ती कुणीच बोलत नाही. म्हणून मोठ्यांनी बोलता बोलता तक्त्यावर बोट ठेवायचं. भाकरी थापताना “बघ, अजून एक” असं म्हणायचं आणि ‘बघ’, ‘अजून’वर बोट ठेवायचं. कुकरची शिटी झाली, “झालं!” आणि ‘झालं’वर बोट. वाक्यातला प्रत्येक शब्द दाखवायची गरज नाही, महत्त्वाचे एक-दोन पुरेत. मूल एक शब्द दाखवत असेल तर तुम्ही दोन दाखवा, दोन दाखवत असेल तर तीन. मुलाकडून परत काहीच मागायचं नाही. आठवडेच्या आठवडे नुसतं दाखवत राहायचं. अनेक घरं इथेच दमतात, कारण समोरून काही येत नाही आणि हे चाललंय ते वाया चाललंय असं वाटतं.

त्यातून परीक्षा सुरू होते. “दाखव बरं, पाणी कुठाय? कुत्रा कुठाय?” पाहुण्यांसमोर तर हमखास. पाणी कुठे आहे ते विचारणाऱ्यालाही दिसतंय, मुलालाही माहीत आहे. मग ते का दाखवेल? त्यापेक्षा बोलण्याची खरी गरज तयार करा. खाऊचा डबा घट्ट झाकण लावून समोर ठेवा आणि गप्प बसा, ‘मदत’ किंवा ‘उघड’ला जागा मिळते. झोका मध्येच धरून ठेवा, ‘अजून’ला जागा मिळते. नावडती भाजी विचारा, “देऊ?” आणि थांबा. मनात दहा अंक मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात. तिसऱ्या सेकंदाला आपण दुसरा प्रश्न विचारतो आणि मुलाने निम्मा उचललेला हात खाली जातो.

मुलाचा हात धरून बोट बटणावर दाबूनही घेऊ नका. तेव्हा ते बोलणं कुणाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. आधार लागतच असेल तर तो कोपराखाली, टेबलाचा किंवा उशीचा.

ज्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही, अशा मुलांच्या बाबतीत आधी बसणं बघावं लागतं. पाय लोंबकळत असतील तर अंग सावरण्यातच सगळी ताकद जाते आणि हात हवा तिथे पडत नाही. तळवे पाटावर टेकलेले, ढुंगण खुर्चीच्या मागे सरकवलेलं, टेबल कोपराच्या उंचीला, आणि तक्ता सपाट न ठेवता थोडा तिरका. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड यासाठी छान चालतो. बोट सरकून शेजारचं बटण दाबलं जात असेल तर स्क्रीनवर ३ मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची जाळी बसवतात, प्रत्येक बटणाच्या जागी भोक असलेली. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारा लेझरवाला ती कापून देतो. मापासाठी स्क्रीनचा पूर्ण आकारात छापलेला स्क्रीनशॉट न्या, आणि त्यानंतर ॲपची मांडणी बदलू नका. एकाच बटणावर हात थरथरून तीनदा पडत असेल तर सेटिंग्जमध्ये पुन्हा पुन्हा होणारे स्पर्श सोडून देण्याची सोय बऱ्याच टॅबलेटमध्ये असते. ती अर्ध्या सेकंदापासून सुरू करून बघा.

एकच बटण, एकच संदेश असं यंत्र घरीही होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयएसडी १८२० नावाचं आवाज रेकॉर्ड करायचं छोटं बोर्ड मिळतं. त्यावर ८ ओहमचा लहान स्पीकर आणि तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. साधारण १० सेकंदांचा आवाज त्यात राहतो, सेल काढले तरी पुसला जात नाही. बोर्डवर वाजवण्याची दोन बटणं असतात. प्ले-एल दाबून धरलं तरच वाजतं. ज्याचा हात झटक्याने उचलला जातो त्याचं वाक्य तिथे अर्धवट तुटतं. प्ले-ई एकदा दाबलं की पूर्ण वाजतं, म्हणून तेच घ्यायचं. त्या बटणाच्या कर्णरेषेतल्या दोन पायांना वायर सोल्डर करून ती ६० किंवा १०० मिलिमीटरच्या घुमटाकार आर्केड बटणाला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रावर असतं तशा मोठ्या बटणाला, जोडा. बटणाचे पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. चुकून जोडीतले दोन घेतले तर ते कायम दाबल्यासारखंच राहतं. बोर्ड डब्याच्या आत बंद करा, कारण रेकॉर्डचं बटण बाहेर राहिलं तर मूल पहिल्याच दिवशी तुमचं वाक्य पुसून टाकेल. आणि त्यात ‘पाणी’ भरू नका. ‘ए, इकडे या ना!’ भरा. बोलणारं मूल दिवसातून कितीदा हाक मारतं, ते मोजून बघा. न बोलणाऱ्याला हाकच नसते.

हातही चालत नसेल तर डोळे असतात. साधारण ४५ बाय ३५ सेंटीमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक, मध्ये हात जाईल एवढं चौकोनी भोक, चार कोपऱ्यांत चार चित्रं. प्रत्येक चित्र पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंना, कारण मुलाचं डावं ते तुमचं उजवं. हातभर अंतरावर चेहऱ्यांच्या मध्ये धरायचं, चारही नावं म्हणायची आणि भोकातून मुलाच्या डोळ्यांत बघत थांबायचं. नजर कोपऱ्यात जाऊन थबकते आणि परत तुमच्याकडे येते. ते परत येणं म्हणजे ‘हे’. मग विचारून खात्री करायची. तुमच्या मागे खिडकी असू नये आणि मुलाच्या मागेही नको. उजेड बाजूने मुलाच्या चेहऱ्यावर हवा, नाहीतर बुबुळं कुठे वळली ते कळतच नाही.

“यंत्राची सवय लागली तर तो कधी बोलणारच नाही” ही भीती प्रत्येक घरात असते, आजी-आजोबांना सगळ्यात जास्त. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६ साली, अशा साधनांचा तोंडी बोलण्यावर काय परिणाम होतो याचे तोपर्यंतचे अभ्यास तपासले. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी कुणाचंच झालं नाही. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवं. पण घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. स्पीच थेरपी सुरूच ठेवायची, आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती सगळ्यात आधी.

शाळेने टॅबलेट आणायला मनाई केली तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवता येतो. त्यातल्या संवादाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी मार्ग स्पष्ट लिहिलेले आहेत. वर्गशिक्षिकेला मात्र कायद्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो कागदी तक्त्याच्या एका प्रतीचा आणि तिच्यासोबत बसून घालवलेल्या पंधरा मिनिटांचा.

आणि तक्त्याची मूळ फाईल जपून ठेवा, मोबाइलमध्ये आणि ईमेलवरही. काही महिन्यांनी कागद खराब होतो. सगळीकडे सारखा नाही. ‘पाणी’ आणि ‘कुत्रा’ नव्यासारखे असतात, ‘अजून’च्या कडा वाकलेल्या असतात, आणि ‘नको’वरचं लॅमिनेशन बोटाने घासून पांढुरकं पडलेलं असतं, चित्र नीट दिसतही नाही. नवी प्रत काढा. मूल चित्राकडे बघत नसेलच, तरी ‘नको’ त्याच चौकोनात छापा.